पडदा घेताना आधी अंतर मोज

बाळा, लॅपटॉपचा पडदा एकदा घेतला की घेतला. एसएसडी पुढे बदलता येते, काही मशीनमध्ये रॅमही वाढवता येते. पडदा मात्र फुटल्याशिवाय सहसा कोणी बदलत नाही. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं ध्यानात ठेव.

ठिपक्यांचा हिशोब आधी कर. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २१ लाख ठिपके. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख; बरोबर चौपट. साधा पडदाही सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटतो, आणि दर वेळी हे सगळे ठिपके पुरवण्याचं काम ग्राफिक्स चिपचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ती मुख्य रॅममध्येच वाटा मागते. टायपिंग, मेल, सिनेमा एवढं आजच्या चिपला झेपतं. गेम आणि थ्रीडी ड्रॉइंगला मात्र ती धापा टाकते.

बॅटरीचा खर्च रोजचा आहे, तो विसरू नको. एलसीडी पडद्यात ठिपके जितके दाट, तितकी त्यांच्यामधली तारांची जाळी जास्त जागा अडवते आणि मागचा उजेड कमी झिरपतो. तेवढाच लख्खपणा हवा तर मागचा दिवा जास्त जाळावा लागतो. सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन उतरवलंस तर चिपचं ओझं हलकं होईल, दिव्याचं नाही. एकाच मॉडेलला दोन-तीन प्रकारचे पडदे मिळतात. तेव्हा बॅटरीचे तास सांगितले की विचार, ‘हे कुठल्या पडद्यावरचे?’

फोर-के घेतल्याने कामाला जागा वाढेल, असं धरून चालू नको. पंधरा इंची पडद्यावर फोर-केची अक्षरं मुंगीएवढी दिसतात, म्हणून विंडोजमध्ये स्केलिंग २०० टक्क्यांच्या आसपास ठेवावं लागतं. २०० टक्क्यांवर जागा फुल एचडीएवढीच उरते, फक्त रेघा रेखीव होतात. जुनी सॉफ्टवेअर या स्केलिंगला नीट जुळवून घेत नाहीत. कुठे अक्षरं धूसर होतात, कुठे बटणं इवलीशी राहतात. तुझं काम अशा प्रोग्रॅमवर असेल तर फुल एचडीच बरा.

मग किती दाट घ्यावा? तू बसतेस तिथून पडद्यापर्यंत टेप लाव. निरोगी डोळ्याला ५० सेंटिमीटरवरून साधारण ०.१५ मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपका सुटा ओळखता येत नाही. १५.६ इंची फुल एचडीचा ठिपका ०.१८ मिलिमीटरचा, क्यूएचडीचा (फुल एचडी आणि फोर-केच्या मधला) सुमारे ०.१३, फोर-केचा ०.०९. म्हणजे डोळ्याची हद्द क्यूएचडीलाच ओलांडली जाते, आणि ठिपके फुल एचडीच्या पावणेदोन पटच होतात. चौदा इंचीत फुल एचडीचाच ठिपका ०.१६ वर येतो, तिथे साध्या कामाला त्याहून दाट पडदा लागतच नाही.

आपली लिपी मात्र या हिशोबात धर. दिवसभर मराठी प्रुफं वाचायची असतील तर दाट पडद्याचे पैसे वसूल होतात. पेनड्राइव्हवर एक मराठी पीडीएफ घेऊन जा, बारीक टाइपातली. ‘द्ध’ आणि ‘द्य’ पटकन वेगळे कळतात का, वेलांटीवरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात का, ते फुल एचडी आणि दाट अशा दोन्ही पडद्यांवर शेजारी शेजारी बघ.

आणि आधी पोटोबा, मग विठोबा: ठिपके मोजण्याआधी उजेड आणि रंग बघ. २५० निट्स उजेडाचा पडदा खिडकीजवळ बसलं की फिका पडतो. ३०० च्या वरचाच घे. तपशिलात रंगांसमोर ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसलं तर लाल-केशरी मरगळलेले दिसणार, हे समजून जा. फोटो किंवा छपाईचं काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी असल्याची खात्री करून घे. मान कलती करून बाजूनेही बघ; रंग उलटले तर पडदा आयपीएस, म्हणजे बाजूनेही रंग टिकवणारा, नाही.

गेम खेळायचे असतील तर फोर-केपेक्षा १२० किंवा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा उमटणारा, फुल एचडी घे. लिहिणं-वाचणं असेल तर उजळ फुल एचडी किंवा क्यूएचडी. फोर-के घ्यायचा तो फोर-के व्हिडिओ कापायचा असेल, बारकाईने फोटो बघायचे असतील तरच. आणि सोबत दणकट चिप व मोठी बॅटरी हवीच. एरवी वाचलेले पैसे १६ जीबी रॅममध्ये घाल. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावरच डाखलेली असते, नंतर वाढवायची सोय नसते.