आधी डावा हात

मोझार्टचा सी मेजरमधला सोनाटा, के. ५४५, मी नुसता ऐकून निवडला आणि तिथेच चुकले. सुरुवातीला उजव्या हातात सरळ चाल, डाव्यात सुट्या केलेल्या कॉर्डची झुलती साथ, पहिल्या चार बारमध्ये एकही काळी पट्टी नाही. खुद्द मोझार्टने २६ जून १७८८ रोजी आपल्या वहीत त्याची नोंद 'नवशिक्यांसाठी' अशी केलेली. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाला तीन महिने होते. मी नाव देऊन टाकलं.

पाचव्या बारपासून उजव्या हाताला स्केल आहेत, एकेका बारमध्ये पंधरा स्वर, वर चढून परत खाली. त्यांच्यामागे दोन महिने गेले. बसल्या म्हटल्यावर पुढची पानं मी घाईने उरकली. बेचाळिसाव्या बारला पहिली चाल परत येते ती सी मेजरमध्ये नव्हे, एफ मेजरमध्ये. आणि त्यानंतर स्केल डाव्या हातातही येते! बहुतेक वेळ साथ करणाऱ्या हाताला एकदम धावायचं असतं. कार्यक्रमात मी तिथे अडकले, मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकले आणि उठले. घरी येताना रिक्षात रडू आवरलं नाही.

बाई रागावल्या नाहीत. पुढच्या तासाला एवढंच म्हणाल्या, "उजवा हात मांडीवर ठेव. डावा एकटा वाजव." वाजवलं तेव्हा कळलं. करंगळीचा स्वर ऐकूच येत नव्हता, अंगठा पट्टीवर आपटत होता आणि त्याच्यावरून मधलं बोट पलीकडे नेताना दर वेळी लय किंचित थबकत होती. उजव्या हाताच्या आवाजाखाली हे सगळं तीन महिने झाकलेलं होतं.

म्हणून नवा पीस घेण्याआधी पियानोला हात न लावता तो शेवटच्या बारपर्यंत वाचा. सुरुवात जिथे परत येते तिथे काय बदललंय ते बघा. सर्वांत अवघड वाटतील त्या चार बारवर पेन्सिलीने खूण करा आणि सुरुवात त्यांच्यापासूनच करा, एकेका हाताने. आठवडाभरात ते निम्म्या वेगातही सलग वाजत नसतील, तर पीस सध्या बाजूला ठेवा. त्यात कमीपणा नाही. पुस्तकावरच्या ग्रेडपेक्षा मी या आठवड्यावर जास्त विश्वास ठेवते.

बोटांचे आकडे पहिल्याच दिवशी लिहा, मग बदलू नका. रोज वेगळं बोट पडलं तर हाताला काहीच आठवत नाही. शिवाय घरचा कीबोर्ड हलक्या पट्ट्यांचा असेल, तर आठवड्यातून एकदा तरी खऱ्या पियानोवर वाजवून बघा. मोझार्टच्या काळच्या पियानोच्या पट्ट्या आजच्यापेक्षा हलक्या होत्या, कमी खोल दबायच्या. त्याची स्केल आजच्या पियानोवर बोटांना जास्त दमवते.

तोच सोनाटा मी पुन्हा घेतलाय. डावी स्केल मेट्रोनोम ६० वर ठेवून, चार-चारने वेग वाढवत. सध्या ती ७२ ला नीट धावते. म्हणून पहिला बारही मी ७२ लाच सुरू करते.