घराखालची पोकळी : झरोके उघडे की बंद?

प्रश्न : नॉर्थ कॅरोलिनात रॅलेजवळ नुकतंच घर घेतलं. लाकडी फ्लोअरखाली तीनेक फुटांची पोकळी आहे आणि तिथलं ग्लासवूल लोंबतंय. झरोके उघडे ठेवून तेच पुन्हा ठोकून घ्यावं का?
– एक वाचक

उत्तर : ग्लासवूल लोंबतंय म्हणजे घर खचलं असं नव्हे. पण झरोके उघडे असले की ओल निघून जाते, हा समज तिथे उलटा पडतो. उन्हाळ्यातली दमट हवा आत शिरते, एसीच्या गार डक्टला पाणी सुटतं आणि ग्लासवूल भिजून खाली येतं.

त्याच राज्यातल्या प्रिन्सव्हिलमध्ये १२ घरांची पाहणी झाली. पोकळी बंद केलेल्या घरांत ओल घटलीच, शिवाय घर गरम-गार करण्याची ऊर्जा सुमारे १५ टक्क्यांनी वाचली.

तेव्हा आधी पावसाचं पाणी पायापासून दूर काढा. मग जमिनीवर निदान ६ मिलचं प्लास्टिक अंथरून सांधे चिकटवा, झरोके बुजवा आणि पायाच्या भिंतींना आतून फोमबोर्ड लावा. वरची ३ इंचांची पट्टी मात्र उघडी सोडा. वाळवीची वाट तपासणाऱ्याला दिसायला हवी. सोबत छोटा डिह्युमिडिफायर ठेवा.

खालचा गॅस फर्नेस तिथलीच हवा ओढत असेल, तर तंत्रज्ञाला दाखवल्याशिवाय झरोक्यांना हात लावू नका. रेडॉनची चाचणीही करून घ्या, तिचं किट स्वस्तात मिळतं.