लस फुकट, फेरी महाग : जांब समर्थहून कॉलेजला जाणाऱ्यांसाठी हिशेब

जांब समर्थहून घनसावंगी, अंबड, जालना किंवा थेट छत्रपती संभाजीनगरला शिकायला जाणाऱ्यांनी लसीच्या खर्चाचे दोन रकाने मांडावेत. पहिला लसीचा, दुसरा फेरीचा. दुसऱ्यात एसटीचे तिकीट येते, बुडालेले तास येतात आणि मोसंबीच्या बागेतला एक दिवसही येतो. लस फुकट असूनही पुढचा डोस राहून जातो, तो याच दुसऱ्या रकान्यामुळे.

हा रकाना कोरा ठेवता येतो, हे आपल्याच भागाने पाहिले आहे. कोविडनंतर २० ऑक्टोबर २०२१ पासून कॉलेजे उघडली आणि २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळात राज्यभर ‘मिशन युवा स्वास्थ्य’ राबवले गेले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना कॉलेजातच कोविडची लस मिळाली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे घनसावंगीचेच आमदार होते. मुले लसीकडे गेली नाहीत, लस मुलांकडे आली. तीच पद्धत इतर लसींसाठीही मागता येते.

आधी घर धुंडाळा

लहानपणीचे लसीकरण कार्ड शोधा. ते नसेल तर आशाताईंना विचारा. नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळेत असाल तर गोवर-रुबेलाच्या मोहिमेत ती लस बहुधा मिळाली असेल. कावीळ ‘ब’ची लस देशभरातल्या बाळांना सरकारी कार्यक्रमातून मिळू लागली ती २०११-१२ च्या सुमारास. म्हणजे आज पदवीला असलेल्यांपैकी अनेकांना ती मिळालेलीच नसेल. जी लस झाली आहे, तिच्यावर पुन्हा पैसे घालू नका.

फुकट काय?

- धनुर्वात-घटसर्प (टीडी) : दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी केंद्रात मोफत. सोळावे वर्ष नेमके अकरावीच्या धांदलीत येते, म्हणून हा डोस चुकतो.
- कुत्रा चावल्यावरची लस : सरकारी रुग्णालयात मोफत. कातडीत टोचायच्या पद्धतीत फेऱ्या चार असतात : पहिला दिवस, मग त्यापासून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. खासगीत दंडात घ्यायचे पाच डोस, प्रत्येकी साधारण ३०० ते ४०० रुपये. जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ते खासगीत महाग पडते, म्हणून सरकारी रुग्णालय आधी गाठा. इथे फेरी वाचवण्याचा विचारही नको.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. संभाजीनगरचे घाटी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे, तिथे किरकोळ शुल्क धरून चला.

विकत काय?

पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. कंपनीनुसार ते बदलतात आणि डॉक्टरांची फी वेगळी.

- कावीळ ‘ब’ : तीन डोस, प्रत्येकी १०० ते ४०० रुपये. नर्सिंग, लॅब किंवा मेडिकलला असाल तर आधी कॉलेजात विचारा. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ही लस सरकारी कार्यक्रमात आहे.
- टायफॉइड (कॉन्जुगेट) : एकच डोस, १,५०० ते २,५०० रुपये. मेस आणि हॉटेलवर जेवणाऱ्यांनी विचार करावा अशी.
- एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण) : पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हाव्हॅक’ साधारण २,००० रुपये डोस, विषाणूच्या नऊ प्रकारांवरची परदेशी लस दहा हजारांच्या पुढे. पंधरा वर्षांनंतर आपल्याकडे तीन डोस सांगतात, म्हणजे सहा हजार झाले. विसाव्या वर्षापर्यंत एक किंवा दोन डोसही चालतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले आहे. तुम्ही घेणार त्या लसीला हे लागू आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. उत्तरावर तुमचे दोन-चार हजार अवलंबून आहेत.

जालन्यातून लस विकत घेऊन पिशवीतून गावी आणू नका. ती २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीशी ठेवलेल्या लसीचे पैसे वाया गेलेच म्हणून समजा. जिथे फ्रीजमधून काढतात, तिथेच टोचून घ्या.

सवलतीचे शिबिर लागले तर

खासगी शिबिराच्या पोस्टरवर ‘निम्म्या दरात’ असे असेल तर चार प्रश्न विचारा. छापील किंमत किती? बिल मिळेल का? बॅच क्रमांक आणि मुदत कार्डावर लिहून देणार का? पुढचे डोस कोण, कुठे, किती रुपयांत देणार? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळाले तर पहिल्या डोसची स्वस्ताई कामाची नाही. टोचल्यावर अर्धा तास बसवून न ठेवणारे शिबिरही टाळा.

शिबिर मागायचे कसे?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना गाठा. इच्छुकांची यादी करा : नाव, वय, आधी झालेल्या लसी. प्राचार्यांच्या सहीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. नुसत्या मागणीपेक्षा यादी जोडलेला अर्ज वजनदार ठरतो, कारण किती लस आणायची ते त्यातून कळते. शिबिर ठरले की त्याच्या पोस्टरवर घोषणा कमी लिहा. तारीख, वेळ, खोली, किंमत आणि सोबत काय आणायचे ते ठळक लिहा.

जुलैत सुरुवात करा

कावीळ ‘ब’ची लस शून्य, एक, सहा महिन्यांनी, एचपीव्हीची शून्य, दोन, सहा महिन्यांनी. प्रवेशाच्या वेळी जुलैत दोन्हींचा पहिला डोस घेतला तर ऑगस्ट, सप्टेंबर आणि जानेवारी धरून एकूण चार खेपांत सहाही डोस होतात. दोन्ही लसी एकाच दिवशी, वेगवेगळ्या दंडांत घेता येतात. टायफॉइडची लसही त्यातल्याच एका खेपेत बसते. साऱ्या तारखा कॉलेज चालू असतानाच्या, म्हणजे गावाहून वेगळे तिकीट काढायला नको. प्रवेशाच्या पावतीमागेच या चार तारखा लिहून ठेवा.