फ्रँकेलचं शिंगरू हवंय? आधी हिशेब मांडा

इंग्लंडमध्ये न्यूमार्केटजवळ बॅनस्टेड मॅनर हा स्टड, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचा फार्म आहे. तिथे उभ्या असलेल्या फ्रँकेल या घोड्याकडे एक घोडी नेण्याची फी २०२४ मध्ये साडेतीन लाख पौंड होती. पौंडाला ११० रुपये धरले, तर ३ कोटी ८५ लाख रुपये. पुढचे सगळे रुपयेही याच दराने दिले आहेत, रोजचा भाव ज्याचा त्याने पाहावा.

इतके पैसे कोण देतं, कशासाठी देतं आणि त्यातून हाती काय लागतं, हे ठाऊक असण्याची गरज फक्त अब्जाधीशांना आहे असं नाही. हल्ली मोठ्या घोड्याच्या मुलामुलींचे हिस्से विकले जातात. कुठे घोड्याचा विसावा भाग, तर कुठे शंभरेक पौंडांत एक बारीकसा वाटा. इंग्लंडमध्ये स्थिरावलेले मराठी लोक आणि महालक्ष्मी-पुण्याच्या रेसचे जुने शौकीन अशा जाहिराती वाचतात. जाहिरातीत बापाचं नाव ठळक असतं आणि आईचं बारीक अक्षरात. पैसे बुडण्याची सुरुवात बहुधा इथूनच होते.

आधी घोड्याविषयी. फ्रँकेल २००८ सालचा, गॅलिलिओचा मुलगा. सर हेन्री सेसिल यांच्या तबेल्यात तयार झालेला हा घोडा १४ शर्यती धावला आणि चौदाच्या चौदा जिंकला. २०११ च्या टू थाउजंड गिनीजमध्ये तो सहा लांबींनी पुढे होता, २०१२ च्या क्वीन ॲन स्टेक्समध्ये अकरा. बक्षिसांची एकूण कमाई झाली जेमतेम ३० लाख पौंड. २०२४ च्या फीने पाहिलं तर नऊ घोडींच्या भेटीत तेवढी रक्कम जमते. बड्या घोड्याचं खरं उत्पन्न मैदान सोडल्यावर सुरू होतं ते असं.

२०१३ मध्ये तो स्टडला उभा राहिला तेव्हा फी सव्वा लाख पौंड होती. पहिली शिंगरं २०१४ मध्ये जन्मली आणि २०१६ मध्ये धावली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोल स्टरिंग या मुलीने जपानमध्ये सर्वोच्च दर्जाची शर्यत जिंकली. मग क्रॅक्समन हा मुलगा आला. २०२१ मध्ये अडायारने एप्समची डर्बी आणि हरिकेन लेनने आयरिश डर्बी मारली, त्या वर्षी फ्रँकेल ब्रिटन-आयर्लंडचा अव्वल सायर, म्हणजे बाप घोडा, ठरला. २०२२ मध्ये अल्पिनिस्टाने पॅरिसची आर्क जिंकली आणि २०२३ मध्ये चाल्डियनने बापाचीच टू थाउजंड गिनीज. फी चढत गेली ती याच क्रमाने: २०२२ ला दोन लाख, २०२३ ला पावणेतीन लाख, २०२४ ला साडेतीन लाख. शिंगरं धावल्याशिवाय फी हलत नाही.

या फीत नेमकं काय मिळतं? एका हंगामापुरता एका घोडीचा हक्क, ज्याला धंद्यात नॉमिनेशन म्हणतात. थरोब्रेड या रेसच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतनाला मान्यता नाही, त्या मार्गाने झालेल्या शिंगराची स्टड बुकात नोंदच होत नाही. हा नियम जगभर आहे, भारतातही. त्यामुळे फ्रँकेलचं बीज गोठवून पुण्याला आणू, हा विचार सोडून द्यावा. घोडी स्वतः न्यूमार्केटला हवी. शिवाय अशा घोड्यासाठी घोडीची वंशावळ आणि कामगिरी पाहूनच होकार मिळतो, नुसत्या पैशावर नंबर लागत नाही.

प्रत्यक्ष काम मोठ्या निगुतीने चालतं. घोडीच्या बीजकोशावरची फुगी पशुवैद्य रोज-दोन रोजांनी सोनोग्राफीवर मोजतो. ती ३५ मिलिमीटरच्या आसपास गेली की वेळ जवळ आली. माज खरा आहे ना, हे आधी दुसऱ्याच एका साध्या घोड्याजवळ नेऊन पाहतात, कारण माज नसलेली घोडी लाथ झाडते आणि एका लाथेत कोट्यवधींचा घोडा जायबंदी होऊ शकतो. मग घोडीचं शेपूट पट्टीने गुंडाळतात, मागचा भाग धुतात, मागच्या पायांत जाड नमद्याचे बूट चढवतात. हेल्मेट घातलेली माणसं दोन्ही जनावरांना धरून असतात. सगळा प्रकार काही मिनिटांत आटोपतो. पंधराव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी होते आणि त्यात जुळी दिसली तर एक गर्भ तिथेच काढून टाकतात. घोडीला जुळी पेलत नाहीत, बहुतेक वेळा दोन्ही जातात.

घोडी दर एकवीस दिवसांनी माजावर येते, पण फक्त वर्षाच्या उजेडाच्या काळात. उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेडचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी असतो आणि घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे. शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत हवं म्हणून डिसेंबरपासूनच घोडीला रात्री दिव्याखाली ठेवून दिवस मोठा झाल्याचं भासवतात. मेमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर जानेवारीतल्याच वयाचं ठरतं आणि दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत हे चार महिने फार जड जातात. हिस्सा घेताना जन्मतारीख विचारा, ती या कारणाने.

फी कधी द्यायची, हे करारावर ठरतं. तीन प्रकार नेहमी दिसतात. एकात ठरलेल्या तारखेला, बहुधा १ ऑक्टोबरला, घोडी गाभण असेल तर पैसे द्यायचे. दुसऱ्यात शिंगरू जिवंत जन्मून, उभं राहून आईचं दूध प्यायलं तरच. तिसऱ्यात आधी पैसे द्यायचे आणि शिंगरू नाही झालं तर परत मिळतात किंवा पुढच्या हंगामाचा हक्क मिळतो. माझं स्पष्ट मत आहे की एकाच घोडीच्या मालकाने दूध प्यायल्यावरचाच करार धरावा, मग फी थोडी जास्त पडली तरी चालेल. तो मिळाला नाही तर गर्भाचा विमा उतरवावा. जाहीर फीवर व्हॅट लागतो का आणि तो परत मिळतो का, हे सही करण्यापूर्वी तिथल्या अकाउंटंटकडून लिहून घ्या. साडेतीन लाखांवर तो आकडा मोठा होतो.

आता फीपलीकडचं. गाभण घोडी चांगल्या स्टडमध्ये ठेवायला दिवसाला ३०-४० पौंड लागतात, म्हणजे वर्षाचे साधारण १३ हजार. जन्मल्यापासून दीड वर्षाचं होईपर्यंत शिंगराच्या राखणीला आणखी १५ हजारांच्या आसपास. त्यात पशुवैद्य, नालबंद, जंतांची औषधं, रक्ततपासणी, मायक्रोचिप आणि वेदर्बीजकडची नोंदणी आली, ज्यांच्याकडे १७९१ पासूनचं जनरल स्टड बुक आहे. मग खोगीर-लगामाची सवय लावायचे काही हजार. त्यानंतर ट्रेनरकडे दिवसाला ६० ते ९० पौंड. नुसता ट्रेनिंगचा खर्च वर्षाला २२ ते ३३ हजार पौंडांवर जातो. शर्यतीची प्रवेश फी, वाहतूक आणि दर स्वारीला जॉकीचे दीडशेहून अधिक पौंड वेगळे.

एकूण बेरीज केली तर घरच्या घोडीला फ्रँकेलकडून झालेलं शिंगरू पहिल्या शर्यतीच्या फाटकात उभं राहीपर्यंत चार लाख पौंड, म्हणजे ४ कोटी ४० लाखांच्या घरात जातं. घोडीची किंमत यात धरलेली नाही. दहा हजार पौंड फीच्या साध्या घोड्याने हाच हिशेब मांडला तर बेरीज ५५ हजार पौंडांच्या आसपास येते. राखणीचे ४५ हजार दोन्हीकडे तेवढेच, म्हणजे जवळजवळ ५० लाख रुपये. सुमार शिंगरूही चांगल्याइतकंच खातं, म्हणून फी स्वस्त झाली की राखणही स्वस्तात पडते ही समजूत खरी नाही.

घोडी पाळायची नसेल तर लिलाव. न्यूमार्केटमध्ये टॅटरसॉल्सचा ऑक्टोबरातला वर्षाच्या शिंगरांचा लिलाव हा युरोपातला सर्वांत मोठा बाजार. तिथली बोली अजूनही गिनीत चालते आणि एक गिनी म्हणजे १ पौंड ५ पेन्स. बोली लाखाची लावली तर बिल १ लाख ५ हजार पौंडांचं येतं, हे पक्कं लक्षात ठेवा. २०२४ मध्ये तिथे फ्रँकेलचं एक मादी शिंगरू ४४ लाख गिनीला गेलं, म्हणजे ५० कोटींहून अधिक रुपयांना. विकत घेण्यापूर्वी पायांचे एक्स-रे आणि श्वासनलिकेची दुर्बीण तपासणी स्वतःच्या पशुवैद्याकडून करून घ्यावी. घशातून आवाज करणारा घोडा कितीही थोर बापाचा असला तरी शेवटच्या फर्लांगात त्याला हवा कमी पडते.

भाव आणि पळ यांचा संबंध किती सैल असतो, हे पाहायचं तर २००६ चा फ्लोरिडातला लिलाव आठवावा. द ग्रीन मंकी नावाचा दोन वर्षांचा घोडा तिथे १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला. तो तीनदा धावला आणि एकदाही जिंकला नाही. उलट, केंटकीतल्या इनटू मिस्चिफची स्टड फी एकेकाळी साडेसात हजार डॉलरपर्यंत उतरली होती. त्याची शिंगरं जिंकू लागली आणि पुढे तीच फी अडीच लाख डॉलर झाली.

मग निवड कशावर करायची? सायरच्या नावासमोर ‘इतके विजेते’ असा आकडा दिसला तर लगेच विचारा, एकूण शिंगरं किती? मोठ्या दर्जाच्या शर्यती जिंकणारी मुलं शंभरात दहाच्या वर गेली की तो सायर अव्वल मानतात. म्हणजे उत्तमातल्या उत्तम घोड्याचीही नव्वदेक शिंगरं तिथवर पोचत नाहीत. हे प्रमाण मिळतं तेसुद्धा जगातल्या निवडक घोड्या त्याच्याकडे जातात म्हणून. फ्रँकेलची आई काइंड स्वतः सहा शर्यती जिंकलेली वेगवान घोडी होती. तिला गॅलिलिओकडूनच झालेला नोबल मिशन २०१४ ची चॅम्पियन स्टेक्स जिंकला, म्हणजे घोडा पहिल्या प्रतीचा. तरी स्टडमध्ये त्याला सख्ख्या भावाच्या जवळपासही जाता आलं नाही. सख्ख्या भावांत इतकं अंतर पडतं, तर नुसत्या बापाच्या नावावर कोट्यवधी लावण्यात काय शहाणपण?

म्हणून पैसा आधी घोडीत घाला. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये मोठ्या शर्यतींत चमकलेल्यांची नावं ठळक छापतात. आई आणि आजी या दोन परिच्छेदांत ती ठळक नावं आहेत का, ते पाहा. पणजीच्या परिच्छेदातली नावं फार जुनी असतात, त्यांवर भाव चढवू देऊ नका. फ्रँकेलच्या आजोळी डेनहिल आहे आणि बापाकडे सॅडलर्स वेल्स. ही दोन्ही रक्तं आज जिकडेतिकडे भिनली आहेत, तेव्हा घोडीतही ती जवळच्या पिढीत आहेत का, हे तपासावं. गॅलिलिओची मुलगी तर त्याला चालायचीच नाही.

कमी पैशांतले दोन रस्ते मला जास्त पटतात. पहिला, फ्रँकेलच्या मुलांकडे जाणं. क्रॅक्समन २०१९ मध्ये २५ हजार पौंडांवर स्टडला उभा राहिला आणि २०२३ ची आर्क जिंकणारा एस इम्पॅक्ट त्याचाच मुलगा. दुसरा, वाटणीचा करार. घोडी तुमची, घोडा त्यांचा, फी नाही आणि शिंगरू किंवा त्याची किंमत निम्मीनिम्मी. फ्रँकेल स्वतः असाच जन्मला. फ्रँकेलचे मालक प्रिन्स खालिद अब्दुल्ला यांच्या जडमॉन्ट स्टडने आपल्या घोड्या कूलमोर स्टडच्या घोड्यांकडे पाठवायच्या आणि शिंगरं वाटून घ्यायची, असा दोघांचा करार होता.

परताव्याबद्दल कोणी गोड बोललं तर उठून चालू पडा. २०२४ च्या एप्सम डर्बीच्या विजेत्याला साडेआठ लाखांहून अधिक पौंड मिळाले. खालच्या वर्गाची रोजची शर्यत जिंकली तर तीन-चार हजार मिळतात, त्यातून ट्रेनर, जॉकी आणि तबेल्यातल्या माणसांचा वाटा जातो. ब्रिटनमध्ये मालकांचा सरासरी पाव खर्चही बक्षिसांतून निघत नाही. हा शौक आहे, आणि शौक म्हणून तो फार सुंदर आहे. पहाटे न्यूमार्केटच्या माळावर शेकडो घोडे सरावाला निघतात, त्यांत एक आपला असावा असं वाटणं मला पूर्ण समजतं. त्यासाठी दरमहा बाजूला काढता येईल आणि गेली तरी घर हलणार नाही, एवढीच रक्कम लावा. कर्ज काढून तर हिस्सा घेऊच नका.

हिस्से विकणाऱ्या सिंडिकेटच्या करारात चार गोष्टी शोधा. घोड्याची मूळ खरेदी किंमत आणि तुमच्याकडून एकूण गोळा होणारी रक्कम, महिन्याचा खर्च वाढला तर कोण भरणार, विक्री झाली तर पैसे कधी मिळणार, आणि धावणं संपल्यावर घोड्याचं काय. पहिल्या दोन आकड्यांत फार अंतर असेल तर ते अंतर चालकाच्या खिशात जातं. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. रेसचा घोडा तीन-चार हंगाम धावतो आणि पंचवीस वर्षं जगतो. ब्रिटनमध्ये निवृत्त घोड्यांना नव्या कामासाठी तयार करणारी रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस ही संस्था आहे, पण जबाबदारी मालकाची असते आणि मालकांत तुम्हीही आलात. निवृत्तीनंतरचा खर्च कोण करणार हे करारात लिहून घ्या. लिहून द्यायला कोणी तयार नसेल, तर तो हिस्सा घेऊ नका.