बारा त्रिक छत्तीस : एका जुन्या गोल्फ मैदानाने शिकवलेला धडा



दिवाळीआधीची गोष्ट. चौथीतल्या एका मुलीला मी बाराचा पाढा विचारला. तिने खडाखडा म्हणून दाखवला. लगेच विचारलं, "एका डब्यात बारा लाडू, तर तीन डब्यांत किती?" ती गप्प. "बारा त्रिक छत्तीस" तर तिने आत्ताच म्हटलं होतं!

चूक तिची नव्हती. मी आधी पाठांतर घ्यायचे आणि खडे, मणी, डबे हे सगळं 'वेळ उरला तर' शेवटी. वेळ काही उरायचा नाही. जुन्याला नवं कसं जोडावं, हे मला एका गोल्फच्या मैदानाने दाखवलं.

मैदानाची गोष्ट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक नावाचं गाव आहे. तिथे १८५१मध्ये टॉम मॉरिस यांनी वाळूच्या टेकड्यांमध्ये बारा होलचं मैदान आखलं. (होल म्हणजे चेंडू ज्यात घालवायचा तो खळगा, आणि तिथवरची सगळी वाटसुद्धा.) १८६०मध्ये पहिली ओपन स्पर्धा इथेच झाली. खेळाडू फक्त आठ. बारा होलच्या तीन फेऱ्या, म्हणजे छत्तीस होल. पुढे अठरा होलची फेरी रूढ झाली आणि १८८२मध्ये या मैदानालाही नवे होल जोडून अठरा केले.

आता गंमत बघा. जुने बारा तसेच ठेवून पुढे तेरा ते अठरा असे नवे चिकटवले, असं झालं नाही. सगळी वाटच पुन्हा आखली.

चला, खेळून बघू

समजा, तुम्ही पहिल्या होलवर उभे आहात. उजव्या हाताला दगडी भिंत, पलीकडे रेल्वे. पाचव्या होलचं नाव आहे 'हिमालय'! हा विस्तारातला. समोर वाळूची उंच टेकडी, पलीकडचं काहीच दिसत नाही. अंदाजाने चेंडू मारायचा. पुढचे खेळाडू बाजूला झाले की घंटा वाजवतात, मग मागच्यांनी मारायचं. अगदी आपल्या शाळेसारखं!

शेवटाकडे सतरावा होल येतो, 'आल्प्स'. हा मूळ मैदानातला, १८५१चा. तेव्हा तो दुसरा होता. म्हणजे जे पूर्वी सुरुवातीलाच भेटायचं, ते आता दमल्यावर भेटतं. जुनं टाकून दिलं नाही, फक्त त्याची जागा बदलली. मी नेमकं हेच केलं नव्हतं. नव्याला शेपटासारखं मागे बांधून ठेवलं होतं.

वर्गात काय घ्याल?

१. अंगणात खडूने बारा गोल काढा. बाटलीचं झाकण टिचकीने एकेका गोलात न्यायचं, टिचक्या मोजायच्या. तीन फेऱ्या.

२. मग अठरा गोल, दोन फेऱ्या. मग नऊ गोल, चार फेऱ्या. मसलबरा इथल्या मैदानाला नऊच होल होते, तिथे ओपन स्पर्धा चार फेऱ्यांची व्हायची. बारा त्रिक छत्तीस, अठरा दुणे छत्तीस, नऊ चोक छत्तीस. तिन्ही पाढे एकाच घरी येतात, हे मुलांना स्वतः सापडू द्या.

३. टॉम मॉरिस यांच्या मुलाने, त्याचंही नाव टॉमच, १८७०ची स्पर्धा १४९ फटक्यांत जिंकली. मुलांना विचारा, एका होलला साधारण किती फटके? छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस, वर फक्त पाच. म्हणजे चाराहून थोडे जास्त.

पाढा मी सोडलेला नाही, पण आता तो खेळाच्या मध्येच येतो. मुलं मोजून दमली, की त्यांना पाढ्याची गरज वाटते.

त्या मुलीने परवा पाटीवर बारा-बारा ठिपक्यांचे तीन डबे काढले. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, लहान डबे घेतले तर नऊ-नऊचे चार होतील ना?"

हे मी तिला शिकवलं नव्हतं. तुमच्या वर्गात, घरी करून बघा आणि जरूर कळवा.