मुष्टियोद्ध्यांचे वजन : ढोबळ आणि निव्वळ

क्रीडाविषयक लेख, तोही मुष्टियुद्धावर, एका मुलीने लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. म्हणून कारण आधी सांगते. माझे वडील कळमन्याच्या धान्यबाजारात मापारी आहेत. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरात पुस्तके नव्हती. पण काटा, बारदाना, ओलावा, तूट हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले. शिवाय मी हाडापेराने थोराड आहे. ‘अगं, वजन जरा कमी कर’ हा सल्ला शाळेत असल्यापासून मला ओळखीच्या आणि अनोळखी माणसांकडून फुकट मिळत आला आहे. तेव्हा वजन या विषयाकडे माझे लक्ष जावे, हे ओघानेच आले.

बाबांना कुस्ती आणि मुष्टियुद्ध या दोहोंचा नाद. त्यांचे एक ठाम मत आहे : “पह्यलेचे गडी पहाडावाणी होते. आताचे निरे फुगलेले.” माझा धाकटा भाऊ म्हणतो, मोठे आताचेच; आकडे काढून पाहा. हा घरगुती वाद मिटवावा म्हणून मी रामदासपेठेतील विद्यापीठ ग्रंथालयात काही दुपारी घालविल्या. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

प्रथम आकडे पाहू. जॅक डेम्प्सी १९१९ साली जगज्जेता झाला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ८५ किलो होते. रॉकी मार्सियानो १९५२ ते १९५६ या काळात जगज्जेता होता आणि ४९ लढतींत एकदाही हरला नाही. त्याची उंची ५ फूट १० इंच आणि वजन सुमारे ८४ किलो. १९७४ साली किन्शासा येथे महंमद अली आणि जॉर्ज फोरमन लढले, तेव्हा अली ९८ किलोंचा आणि फोरमन जवळजवळ १०० किलोंचा होता. २०२४ साली रियाध येथे लढलेला टायसन फ्युरी पावणेसात फूट उंच आणि सुमारे ११९ किलोंचा. आज व्यावसायिक मुष्टियुद्धात हेवीवेटच्या खाली क्रूझरवेट नावाचा गट आहे. तो १९८०च्या सुमारास निघाला. त्याची मर्यादा पुढे २०० पौंड, म्हणजे सुमारे ९१ किलो झाली. या हिशेबाने डेम्प्सी आणि मार्सियानो आज हेवीवेटमध्ये बसलेच नसते. भावाची बाजू सरशीची झाली.

हे आकडे मी बाबांपुढे ठेवले. ते शांतपणे म्हणाले, “काट्यावरचा आकडा घेऊन काय करतं, बाई? बारदाना किती, ओलावा किती, ते काढ अन् मंग सांग.”

या वाक्याने माझ्या अभ्यासाची दिशाच बदलली. बाजारात पोत्यासकट भरते ते ढोबळ वजन. पोते वजा केले की उरते ते निव्वळ. नुकत्याच कापलेल्या सोयाबीनमध्ये ओलावा असतो. तोच ढीग वाळला की वजन उतरते, दाणे मात्र तेवढेच राहतात. माणसाच्या बाबतीतही काट्यावरचा आकडा आणि त्याची नैसर्गिक अंगकाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेवीवेट गटाला वरची मर्यादा नसते. त्यामुळे त्या गटातल्या खेळाडूचे वजन पुष्कळ अंशी त्याने ठरवून ठेवलेले असते. दोन काळांची तुलना करताना पुढील तीन गोष्टी वजा केल्या पाहिजेत, असे मला वाटते.

पहिली गोष्ट लढतीच्या लांबीची. १९१५ साली हवाना येथे जेस विलार्ड आणि जॅक जॉन्सन यांची लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती. ती २६ व्या फेरीत संपली. मार्सियानोच्या काळी अजिंक्यपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. १९८२ साली दक्षिण कोरियाचा किम दुक-कू हा मुष्टियोद्धा लढतीतील दुखापतीने मरण पावला. त्यानंतर एकेका संघटनेने फेऱ्या १२ वर आणल्या. लांब लढतीत अंगावरचा प्रत्येक जादा किलो हे ओझेच होय. म्हणून जुने खेळाडू वाळवून उतरत. त्यांचे वजन कोरड्या धान्याचे होते, असे म्हणावे लागते.

दुसरी गोष्ट वयाची. अली १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये ८१ किलोंपर्यंतच्या गटात सुवर्णपदक विजेता ठरला. तेव्हा तो अवघा १८ वर्षांचा होता. चार वर्षांनी जगज्जेता झाला तेव्हा तो सव्वासहा फूट उंच आणि ९५ किलोंचा होता. ही वाढ मुख्यतः वयाची. सांगाडा मुळातच मोठा होता, तो भरत गेला.

तिसरी गोष्ट कमावलेल्या मांसाची. इव्हॅन्डर होलीफिल्ड हादेखील १९८४ साली लॉस एंजेलिसला ८१ किलोंच्याच गटात लढला आणि त्याला कांस्यपदक मिळाले. पण तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पुढे पद्धतशीर व्यायामाने वजन वाढवून तो १९९० साली हेवीवेटचा जगज्जेता झाला. सुरुवातीचा गट दोघांचा एकच. तरी अली नैसर्गिक हेवीवेट आणि होलीफिल्ड कमावलेला, असे म्हणता येईल. यात कमीपणा कोणालाच नाही.

आपल्याकडच्या कुस्तीतही हे दिसते. नरसिंग यादव २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७४ किलोंच्या गटात खेळला. आणि २०११, २०१२ व २०१३ अशी सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा त्यानेच उचलली. ती लढत सर्वांत वरच्या गटातली असते, हे वाचकांना माहीत आहेच.

ही वजाबाकी केल्यावर काय उरते? जुन्या आणि नव्या काळातील अंतर आकड्यांत दिसते तेवढे मोठे नाही. पण ते अगदी नाहीसेही होत नाही. साडेसहा फुटी विलार्ड १९१५ सालीही होता, आणि जवळजवळ तेवढाच उंच प्रिमो कार्नेरा १९३३ साली जगज्जेता झाला. धिप्पाड माणसे तेव्हाही होती. मात्र शिखरावर ती अपवादाने दिसत, आज वारंवार दिसतात. म्हणजे बाबा अर्धे बरोबर आणि भाऊही अर्धा बरोबर. आणि जय-पराजय तर दोघांच्याही हिशेबाबाहेरचा : डेम्प्सीने आपल्याहून सुमारे २५ किलोंनी जड असलेल्या विलार्डला हरविले, आणि रियाधला फ्युरीला हरविणारा ओलेक्सांद्र उसिक हा पूर्वीचा क्रूझरवेट होता.

आता घराजवळचे उदाहरण. आपल्या नागपूरची अल्फिया पठाण मानकापूरच्या क्रीडा संकुलात घडली. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधील किएल्त्से येथे युवा जागतिक स्पर्धेत तिने ८१ किलोंवरील गटात सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धेत भारतीय मुलींनी ७ सुवर्णपदके जिंकली, त्यांतले हे एक. २०२२ साली कझाकस्तानातील एलोर्डा चषक स्पर्धेतही तिने याच गटात सुवर्ण मिळविले. पण ऑलिंपिकचे काय? स्त्रियांचे मुष्टियुद्ध तेथे २०१२ साली आले. लंडन, रिओ, टोकियो आणि पॅरिस या चारही वेळी त्यांचा सर्वांत वरचा गट ७५ किलोंचाच राहिला. पुरुषांसाठी मात्र वरचा टोकाचा गट चारही वेळी मोकळा होता. म्हणजे निसर्गाने ज्या मुलीला मोठी अंगकाठी दिली, तिने एक तर स्वतःला वाळवावे, नाही तर घरी बसावे. ओलावा काढता येतो. दाणा कसा काढणार?

माझ्या अभ्यासातून मला मिळालेले उत्तर एवढेच आहे. माणसाचे मोठेपण मोजायचे तर आधी काय वजा करायचे ते ठरवावे, आणि जे वजा होत नाही त्याचा मान ठेवावा. डेम्प्सी, अली आणि फ्युरी यांना आपण तेवढा न्याय देतो. तोच न्याय आपल्या शहरातल्या मुलींना मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

हा लेख पुरा झाल्यावर मी बाबांना वाचून दाखविला. ते म्हणाले, “माप बरोबर आहे.” मापाऱ्याच्या तोंडचे हे शब्द मला पुरेसे आहेत. उणीव राहिली असल्यास ती माझी समजावी आणि प्राध्यापकांनी ती जरूर दाखवून द्यावी.