खोक्यातली गादी आणि घरातला आजारी माणूस

हवा काढून, गुंडाळून खोक्यात येणारी फोमची गादी आता वस्तीतही येऊ लागली आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांसाठीही लोक तीच घेतात, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

दाबल्यामुळे चांगला फोम बिघडत नाही. उघडल्यावर दोन-तीन दिवसांत फुगतो. विकणारा जाडी सांगतो, आपण डेन्सिटी विचारा. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन. टिकाऊपणा त्यावर असतो. ६ बाय ३ फूट, ४ इंची, ३२ डेन्सिटीच्या गादीचा नुसता फोम सुमारे साडेपाच किलो भरतो. रद्दीवाल्याच्या काट्यावर तोला. तीनच किलो भरली, तर फसवणूक झाली!

माणूस झोपलेला असताना गादीखाली, कमरेच्या हाडाच्या जागी, तळहात घाला. हाडापर्यंत इंचभरही फोम लागत नसेल, तर ती गादी त्याच्या उपयोगाची नाही. जखम तिथेच होते. गादी कितीही चांगली असो, दर दोन तासांनी कूस बदलायचीच. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. काळसर डाग, गरम किंवा कडक लागणारी जागा हाताने पाहा. ती चोळू नका, त्या कुशीवर निजवू नका, नर्सताईंना दाखवा.